पीसी बंद पडला? आधी काय मेलंय ते शोधा, इंटेल-एएमडीचं भांडण नंतर

पीसी गेला की आपल्या खानदेशात पहिला प्रश्न येतो तो म्हणजे "आता इंटेल घेऊ का एएमडी?" आणि खरं सांगू का भो, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा आहे. कारण या दोन्ही कंपन्या प्रोसेसर बनवतात, आणि डेस्कटॉपमध्ये प्रोसेसर ही सगळ्यात उशिरा मरणारी वस्तू. आधी यूपीएसची बॅटरी बसते, एसएमपीएस (आतला पॉवरचा डबा) जातो, रॅम रुसते, हार्ड डिस्क कण्हायला लागते, मदरबोर्डावरचे (पुढे नुसतं बोर्ड म्हणतो) कपॅसिटर, म्हणजे बारीक नळकांडी, फुगतात, आणि या सगळ्यातून प्रोसेसर बहुतेक वेळा जिवंत निघतो. तरी लोक अख्खा पीसी बदलून येतात, आणि महिनाभरात नवा पण तसाच बंद, कारण घरातलं अर्थिंग जुनंच.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांनी आजपर्यंत कॅबिनेटचं झाकण उघडलेलं नाही. फार सामान लागत नाही, एक स्टार स्क्रूड्रायव्हर, शाळेतला पांढरा खोडरबर, रंगाचा छोटा कोरा ब्रश, प्रोसेसर आणि त्याच्या पंख्यामध्ये लावायच्या थर्मल पेस्टची एक ट्यूब, सीआर २०३२ नावाचा चपटा सेल, आणि जमलं तर स्वस्तातला मल्टिमीटर. बस.

झाकण उघडायच्या आधी

पीसी अधूनमधून का होईना चालू होत असेल तर पहिलं काम डेटा काढून घ्यायचं. टॅलीचं डेटा फोल्डर, लग्नाचे फोटो, डीटीपीवाले असाल तर फॉन्टसुद्धा, सगळं बाहेरच्या डिस्कवर. "आधी दुरुस्त करू मग कॉपी करू" असं म्हणू नका, आजारी हार्ड डिस्क कधी कधी शेवटची एकदाच चालू होते.

विंडोज ११ असेल तर अजून एक गोष्ट, जी दुकानदार पण सांगत नाहीत. बऱ्याच पीसीत बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप, गुपचूप चालू असतं. बोर्ड किंवा प्रोसेसर बदलला की विंडोज ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतं, आणि ती नसेल तर डेटा डोळ्यासमोर असून हाती लागत नाही. तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ती सेव्ह असते का बघा आणि वहीत उतरवून ठेवा. एएमडीच्या बोर्डवर नवा प्रोसेसर टाकल्यावर एफटीपीएम (त्या कुलपाची किल्ली ठेवायची जागा) रीसेट करायचं का, वाय दाबा का एन दाबा असा काळा स्क्रीन येतो, तिथे लोक बिनधास्त वाय दाबतात. की हातात असल्याशिवाय दाबू नका.

मग पीसी बंद करा, मागची केबल काढा, आणि केबल काढल्यावर पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट उतरतो. आतल्या वायरींचे मोबाइलवर दोन-चार फोटो काढा. हिवाळ्यात आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तोच चटका रॅमला पुरतो, म्हणून स्वेटर घालून काम करू नका आणि मधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा.

लक्षणावरून रोग

कोणी विचारलं "काय झायं भो?" तर "पीसी बंद पडला" एवढंच सांगू नका, नीट बघून सांगा. चार प्रकार असतात ढोबळमानाने. बटण दाबलं तरी काहीच हलत नाही, पंखा नाही लाइट नाही, तर संशय पॉवरवर. पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही, तर आधी रॅम, मग बाकीचं. चालू होतो पण मधेच रिस्टार्ट मारतो किंवा दुपारीच बंद पडतो, तर उष्णता नाहीतर यूपीएस नाहीतर एसएमपीएस. चालतो पण रांगतो, फोल्डर उघडायला मिनिट लागतं, तर डिस्क.

आणि रोज तारीख मागे जाते, सुरू होताना एफ१ दाबा असं येतं, तर तो रोगच नाही, बोर्डावरचा सेल संपलाय. सीआर २०३२ टाका, तारीख लावा, चहा प्या.

पॉवर: इथेच जास्त वेळ घालवा

आधी भिंतीवरच्या बोर्डातला सॉकेट बदलून बघा, केबल बदलून बघा, यूपीएस बाजूला काढून थेट लावून बघा. हे सांगायला लाज वाटते पण अर्धे "मेलेले" पीसी एवढ्यावर उठतात. घरगुती यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती दोन-तीन वर्षांत बसते. बसली की लाइट नुसती लपकली तरी पीसी रिस्टार्ट, आणि माणूस विंडोजला शिव्या देतो. यूपीएसवर फक्त पीसी आणि मॉनिटर ठेवा, लेझर प्रिंटर कधीच नाही, तो गरम होताना इतका करंट ओढतो की यूपीएस किंचाळतो. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी चालवत असाल तर मागे यूपीएस मोडचं बटण असतं ते चालू आहे का बघा, नाहीतर लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर बदली होईपर्यंत पीसी खाली बसतो.

आता अर्थिंग. कॅबिनेटला उघड्या पायाने हात लावला की झिणझिण्या येतात का? येत असतील तर तो "थोडासा करंट असतोच" वाला विषय नाही. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते थोडा करंट मुद्दाम अर्थिंगकडे सोडतात, अर्थिंगच नसेल तर तो कॅबिनेटवर येऊन बसतो, आणि मीटर लावला तर पत्र्यावर १०० व्होल्टच्या वर आकडा दिसतो. माणूस मरत नाही सहसा, पण यूएसबीचे पोर्ट, लॅन कार्ड, प्रिंटर, हळूहळू सगळं जातं. मीटर वापरता येत असेल तर तीन पिनच्या सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थिंग जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थिंग दोन-चार व्होल्ट, असं दिसलं पाहिजे. न्यूट्रल-अर्थिंगमध्ये २०-३० दिसलं, किंवा फेज-अर्थिंगमध्ये शंभरच दिसलं, तर अर्थिंग नावालाच आहे. मीटर येत नसेल तर स्वतः प्रयोग करू नका, वायरमनला बोलवा.

खेड्यात बऱ्याच घरात अर्थिंगचा खड्डा असतो पण मीठ-कोळसा कधी भरला होता कोणाला आठवत नाही. काळी माती पावसाळ्यात ओल धरते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या दिवसात खड्ड्यात बादलीभर पाणी टाकत जा, शेताला देता तसं, फुकटचं काम आहे. आणि ती तिसरी जाड पिन तोडून दोन पिनच्या सॉकेटात प्लग घुसवायची सवय सोडा.

एसएमपीएस तपासायचा तर दुकानात छोटा टेस्टर मिळतो. नाहीतर जुनी पद्धत, सगळ्या वायरी बोर्डातून काढायच्या आणि २४ पिनच्या कनेक्टरमध्ये हिरवी आणि बाजूची काळी वायर क्लिपने जोडायची, पंखा फिरला तर निदान जीव आहे. मीटरवर पिवळी वायर ११.४ ते १२.६ व्होल्टमध्ये आणि लाल वायर ४.७५ ते ५.२५ मध्ये पाहिजे. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला असं मात्र नाही, लोड आल्यावर बसणारे खूप असतात. सगळ्या वायरी काळ्या असलेला असेल तर अंदाजाने क्लिप लावू नका, टेस्टरच वापरा. एसएमपीएसचा डबा स्वतः कधी उघडू नका, केबल काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर साठलेलं असतं. आत पाल भाजून मेलेली असते पावसाळ्यात, वास आला तर समजून जा आणि अख्खा डबाच बदला.

नवा घेताना डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलंय एवढं बघून घेऊ नका. लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा, १५ अँपिअर असतील तर १२ गुणिले १५ म्हणजे १८० वॅट, तेवढाच खरा, बाकी छपाई. ८० प्लस (कमी वीज वाया घालवतो याचा शिक्का) लिहिलेला नावाजलेल्या कंपनीचा घ्या. हातात धरून वजन केलं तरी फरक कळतो.

आणि पावसाच्या सुरुवातीला वीज कडाडायला लागली की नुसता प्लग नाही, लॅनची केबलपण काढायची. केबलवाल्याची वायर गच्चीवरून आलेली असते, तिथून झटका आला की राउटर आणि बोर्ड जोडीने जातात.

रॅम, धूळ, पेस्ट

पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, अशा वेळी आधी मॉनिटरची केबल कुठे लावलीय ते बघा. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला लावायची, बोर्डाला नाही. मग रॅम काढा, सोनेरी पट्टीवर खोडरबर हलक्या हाताने फिरवा, ब्रशने कचरा झाडा, स्लॉट साफ करा, आणि दोन्ही बाजूंनी टक आवाज येईपर्यंत दाबून बसवा. दोन रॅम असतील तर एकच लावून बघा, मग दुसरी, मग स्लॉट बदलून. कंटाळवाणं काम आहे पण याला पर्याय नाही. बोर्डावर बारीक लाइट असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असं लिहिलेल्या, ज्याच्यावर लाइट अडकते तिथे घोटाळा.

तरी नाही आला तर सगळं सोडवा. बोर्डावर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम आणि एसएमपीएस, बाकी हार्ड डिस्क, कार्ड, यूएसबी सगळं काढून टाका. बोर्ड कॅबिनेटमधून काढून खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठेवून चालवून बघा, कारण कधी कधी खालचा एखादा जास्तीचा स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो तो धातूचा खुंटा) बोर्डाला टेकून शॉर्ट करत असतो.

दुपारीच बंद पडणाऱ्या पीसीची गोष्ट वेगळी. प्रोसेसर खोलीच्या हवेनेच थंड होतो ना, मग खोलीत ४२ डिग्री असेल तर जो प्रोसेसर पुण्यात ७० वर चालतो तो आपल्याकडे ८५-९० वर जाणारच, आणि १०० च्या आसपास तो स्वतःच वेग कमी करतो, तरी नाही भागलं तर बंद होतो. त्यात कापसाचा सीझन, जिनिंगजवळ घर असेल तर हीटसिंकच्या (प्रोसेसरवरच्या धातूच्या ठोकळ्याच्या) पट्ट्यांमध्ये रुईची गादीच बसलेली असते. ब्लोअर मारा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून मारा, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग खराब होते. जुनी पेस्ट सुकून खडू झालेली असते, ती कापडाने पुसा, नवी मटाराच्या दाण्याएवढी लावा, जास्त नाही. एएमडीच्या जुन्या एएम४ (सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसर बसायच्या जागेचा, एक प्रकार) बोर्डवर पंखा सरळ वर ओढू नका, पीसी आधी पाच-दहा मिनिटं चालवून गरम करा, पूर्ण बंद करा आणि पंखा हलका फिरवत फिरवत काढा, कारण त्या प्रोसेसरच्या पिना त्याच्याच पोटाला असतात आणि सुकलेल्या पेस्टमुळे तो पंख्याबरोबर उपटून येतो.

हो, आणि पाण्याचा कूलर पीसीच्या तोंडावर लावू नका. थंड वाटतं, पण बोअरच्या पाण्याचे क्षार आणि ओल दोन्ही बोर्डावर जाऊन बसतात.

डिस्कचं थोडक्यात. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका, त्यात पिवळं किंवा लाल "कॉशन" दिसलं, रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर (डिस्कवरच्या खराब जागा) वाढत असतील, तर डेटा काढा आणि एसएसडी, म्हणजे चिपवाली डिस्क, घ्या. जुन्या पीसीला हार्ड डिस्कऐवजी एसएसडी लावण्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही, नवा प्रोसेसरसुद्धा नाही. बोर्डावर एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी थेट बसवायची जागा) नसेल तर साधी अडीच इंची, केबलने लागणारी साटा घ्या.

बोर्ड गेला का प्रोसेसर?

हे घरी ओळखणं कठीण, आणि दुकानदार पण दुसऱ्या चालू बोर्डवर तुमचावाला प्रोसेसर लावूनच सांगतो. तो तसं न करता "दोन्ही गेले" म्हणत असेल तर दुसऱ्या दुकानात जा. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याला आग्रा रोडच्या बाजूला थोडं फिरलात तर लावून दाखवणारा कोणीतरी भेटतोच, नंदुरबार-शहाद्याकडचे सुरतला जातात. बोर्डवर फुगलेले कपॅसिटर, जळका डाग, सॉकेटमध्ये वाकलेली पिन, हे डोळ्यांनी दिसतं ते आधी बघून ठेवा.

समजा बोर्ड गेला आणि प्रोसेसर चांगला आहे. मग कंपनी निवडायचा प्रश्नच नाही, त्याच सॉकेटचा बोर्ड शोधायचा. इंटेलची १२वी, १३वी, १४वी पिढी असेल तर एलजीए १७००, म्हणजे एच६१०, बी६६०, बी७६० असले बोर्ड, पण घेताना रॅम बघा, तोच बोर्ड डीडीआर४ मध्ये पण येतो आणि डीडीआर५ मध्ये पण, आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसतच नाही, खाच वेगळी असते. एएमडीचा रायझन १००० ते ५००० मधला असेल तर एएम४, म्हणजे ए५२०, बी४५०, बी५५०, फक्त कुठला प्रोसेसर चालतो ते बोर्डाच्या यादीत बघून घ्या.

पण तुमचा प्रोसेसर इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या पिढीचा असेल, तर थांबा. त्याचे नवे म्हणून मिळणारे एच६१, एच८१ चे स्वस्त चायना बोर्ड हे जुन्या चिपसेटवर (बोर्डाच्या मुख्य चिपवर) बनवलेले असतात, चालले तर चालले. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या ८व्या पिढीपासून आणि ढोबळमानाने रायझन २००० पासून पुढेच चालतं. अशा पीसीवर नव्या बोर्डाचे पैसे घालू नका, आता खरं इंटेल-एएमडीकडे वळा.

इंटेल का एएमडी

आधी एक भीती काढून टाकतो. "एएमडीवर टॅली चालेल का, श्रीलिपी चालेल का, सरकारी पोर्टलची सही चालेल का?" सगळं चालेल. ८० च्या दशकात आयबीएमला दुसरा पुरवठादार हवा होता म्हणून एएमडी इंटेलच्याच डिझाइनचे प्रोसेसर बनवायची, आणि आजची विंडोज ज्या ६४ बिटच्या रचनेवर चालते ती एएमडीने २००३ मध्ये आणली, इंटेलने मागून घेतली. दोघांची भाषा एकच आहे.

दुसरी समजूत, "एएमडी गरम होतो". हे एकेकाळी खरं होतं, एफएक्स ९५९० नावाचा त्यांचा प्रोसेसर २२० वॅटचा होता. २०१७ मध्ये रायझन आला आणि चित्र उलटलं. इंटेलचा आय ९-१४९००के पूर्ण जोरात २५३ वॅटपर्यंत जातो, मे महिन्यात भुसावळला एसी नसलेल्या खोलीत तो चालवणार असाल तर माझे हात जोडलेले. आपल्या हवेत ६५ वॅटवाले प्रोसेसर घ्या, कंपनी कुठलीही असो. नावात शेवटी के किंवा एक्स नसलेले बघा, त्यांच्या बॉक्समध्ये बहुतेक वेळा पंखा पण येतो.

आता नावं. इंटेलमध्ये शेवटी एफ असेल, म्हणजे १२४००एफ, तर त्यात ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड घ्यावंच लागतं. एएमडीमध्ये एएम४ चा साधा ५६०० घेतला तर डिस्प्ले नाही, ५६००जी घेतला तर आहे. एएम५ च्या ७६०० मध्ये कामापुरतं ग्राफिक्स असतं, ७५००एफ मध्ये नसतं. दुकानात दोनेकशे रुपये वाचले म्हणून एफ घेऊन येतात आणि घरी मॉनिटर काळा.

आणि नुसतं "आय ५" ऐकून खूश होऊ नका. आय ५ दुसऱ्या पिढीचा पण असतो आणि १४व्या पिढीचा पण. बाराव्या पिढीचा आय ३-१२१०० हा चौथ्या पिढीच्या आय ७ ला आरामात मागे टाकतो. मार्केटमध्ये "आय ७, १६ जीबी, ५१२ एसएसडी" म्हणून चमकवून विकलेले रिफर्बिश्ड डबे बहुतेक त्याच जुन्या पिढ्यांचे, पूर्ण नंबर विचारा.

मग घ्यायचं काय? तुमच्याकडे धडधाकट डीडीआर४ रॅम पडलेली असेल तर ती सोडू नका, २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे भडकलेत की रॅमच सोन्याच्या दुकानात ठेवायची वेळ आलीय. आपलं सरकार केंद्र, टॅली, टायपिंग, मुलांचा अभ्यास, यासाठी आय ३-१२१०० किंवा आय ५-१२४०० डीडीआर४ बोर्डासोबत, नाहीतर रायझन ५ ५६००जी, यातलं जे तुमच्या गावात बोर्डासकट बॉक्स पॅक मिळेल ते. दोघांत रडायला फरक नाही. ५६००जीचं ग्राफिक्स जरा सरस, थोडीफार गेम खेळणाऱ्या पोरासाठी तो बरा.

सगळंच नवं घेताय आणि चार-पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर माझं मत एएमडीच्या एएम५ ला. २०२२ मध्ये आला, फक्त डीडीआर५ चालते, पण कंपनीने निदान २०२७ पर्यंत त्याच सॉकेटवर नवे प्रोसेसर द्यायचं जाहीर केलंय. इंटेलची सॉकेट बदलायची खोड जुनी आहे, १०व्या-११व्या पिढीला १२००, मग तीन पिढ्यांना १७००, आणि २०२४ च्या कोअर अल्ट्रा २०० ला परत वेगळा १८५१. गेमिंगसाठी एएमडीचे एक्स३डी वाले (आत जास्तीची कॅशे, म्हणजे वेगवान मेमरी, असलेले), ७८००एक्स३डी, ९८००एक्स३डी, यांना सध्या तोड नाही, पैसे असतील तर.

लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगवाल्यांना मात्र मी इंटेल सांगतो, आणि बिना-एफ. नवे कॅमेरे १०-बिट ४:२:२ एच.२६५ नावाच्या जड प्रकारात रेकॉर्ड करतात, ती फाइल इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक सरळ उलगडतं, एएमडीवर तोच प्रकार अडखळतो आणि प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या नकला) बनवत बसावं लागतं. सीझनमध्ये रात्र रात्र एडिट करणाऱ्याला हा फरक पैशापेक्षा मोठा.

इंटेलचं १३वं-१४वं घेताना एक सावधगिरी. २०२४ मध्ये निघालं की ६५ वॅट आणि वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरना जास्त व्होल्टेज जाऊन ते हळूहळू खराब होत होते, गेम क्रॅश, इन्स्टॉल होताना एरर असं. इंटेलने ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला दुरुस्तीचा कोड) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून बॉक्स पॅकला एकूण पाच केली. पण खराब झालेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही, म्हणून सेकंडहँड १३वा-१४वा आय ७, आय ९ घेऊच नका, आणि नवा घेतला तर पहिल्या दिवशी बायोस (बोर्डातला पीसी सुरू करणारा प्रोग्राम) अपडेट. एएमडीचं पण धुतल्या तांदळासारखं नाही, २०२३ मध्ये ७००० एक्स३डी काही बोर्डांवर जळाले होते, तिथेही बायोस अपडेटनेच व्होल्टेज १.३ व्होल्टवर बांधलं.

घेताना आणि बसवताना

जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर वस्तूचा सिरियल नंबर लिहून घ्या. प्रोसेसर बॉक्स पॅक घ्या, त्यावर दोन्ही कंपन्यांची साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेमधला सुटा प्रोसेसर स्वस्त पडतो पण त्याची जबाबदारी दुकानदाराच्या शब्दावर, कंपनी हात झटकते. बोर्ड दुकानातच उघडायला लावा आणि सॉकेटच्या पिनांचा फोटो काढा, नंतर "पिन तुम्ही वाकवली" हा वाद होतो. सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण प्रोसेसर बसवल्यावर आपोआप निघतं, ते फेकू नका, वॉरंटीत बोर्ड देताना ते मागतात.

बसवताना कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवा आणि प्रोसेसर नुसता ठेवा, दाबायचा नाही. इंटेलचा दांडा लावताना कर्र आवाज येतो, घाबरू नका. इंटेलच्या पंख्याच्या चार पिना तिरक्या जोडीने दाबा आणि मागून बघा चारही बाहेर आल्यात का, एक राहिली तरी तापमान भडकतं. चार स्लॉटच्या बोर्डात दोन रॅम असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. २४ पिन लावली की लोक विसरतात ती वरच्या कोपऱ्यातली ४ किंवा ८ पिनची सीपीयू पॉवर, ती नसेल तर पंखे फिरतील, डिस्प्ले नाही, आणि तुम्ही परत पहिल्या पानावर.

डीडीआर५ वाला पीसी पहिल्यांदा चालू केला की स्क्रीन काही मिनिटं काळाच राहतो. तो रॅम जुळवून घेत असतो. चहा ठेवा, बटण दाबत बसू नका, मधेच बंद केलं तर ते काम परत पहिल्यापासून. जुनी डिस्क लावून विंडोज उठत नसेल तर ती डिस्कच्या भागांची नोंद ठेवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीची असेल, नव्या बोर्डांना जीपीटी ही नवी पद्धत लागते, विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं टूल आहे, पण बॅकअप घेऊनच, आणि खरं तर नव्या बोर्डावर नवी विंडोज टाकलेली बरी.

आणि ऑनलाइन मागवलं असेल तर रिटर्नची मुदत संपायच्या आत एका कडक दुपारी, दोन ते चारमध्ये, सगळं झाकण लावून तासभर जोर लावून बघा, व्हिडिओ एक्स्पोर्ट करा, गेम लावा, काहीही, आणि बाजूला तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडं ठेवा. ९० च्या आत राहिला आणि एकदाही रिस्टार्ट झाला नाही तर बिल फाइलला लावा, नाहीतर खोकं परत पॅक करा.